दादासाहेब फाळके यांचे पौराणिक दृश्यचित्रण

दादासाहेब फाळके यांचे पौराणिक दृश्यचित्रण म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके (३० एप्रिल १८७० – १६ फेब्रुवारी १९४४) यांनी पुराणकथा पडद्यावर आणण्यासाठी विकसित केलेली पद्धती होय. रंगवलेले पडदे, प्रत्यक्ष स्थळांचे छायाचित्रण आणि कॅमेऱ्याच्या युक्त्या यांचा मेळ या पद्धतीत घातलेला आढळतो. राजा हरिश्चंद्र (१९१३) या चित्रपटापासून गंगावतरण (१९३७) या बोलपटापर्यंत तिचा वापर होत राहिला. चित्रकला, छायाचित्रण, मुद्रण, नेपथ्य आणि जादूचे प्रयोग या पाचही विद्यांचा फाळके यांना प्रत्यक्ष अनुभव होता. त्यामुळे हाताने रेखाटलेली देवप्रतिमा आणि यंत्राने टिपलेली भूमी एकाच चौकटीत आणणे त्यांना शक्य झाले.

पार्श्वभूमी

कथाचित्रणाच्या पूर्वपरंपरा

महाराष्ट्रात चित्रांच्या आधारे पुराणकथा सांगण्याची परंपरा चित्रपटाहून बरीच जुनी आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाचे कलावंत चित्रकथीच्या पोथ्यांतील एकेक चित्र श्रोत्यांसमोर धरून रामायण-महाभारतातील प्रसंग गायनासह सांगत असत. एकोणिसाव्या शतकात शिळाप्रेसवरील छपाईमुळे देवादिकांची चित्रे घरोघर पोहोचली. पुण्यातील चित्रशाळा प्रेस (स्थापना १८७८) आणि १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला राजा रवि वर्मा यांचा छापखाना ही या प्रसाराची दोन ठळक केंद्रे होती.

कल्याण येथील महादेव पटवर्धन यांनी १८९२ पासून 'शांभरिक खरोलिका' या नावाने जादूच्या कंदिलाचे खेळ सुरू केले. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रे कंदिलाच्या प्रकाशाने पडद्यावर टाकली जात. एकाच प्रसंगाच्या थोड्या फरकाने काढलेल्या चित्रांमुळे आकृती हलल्याचा भास होई. निवेदन आणि संगीत यांची साथ असलेल्या या खेळांतही पौराणिक कथांना मोठे स्थान होते. या सर्व प्रकारांत कथेतील स्थळ मात्र चित्रकाराच्या कल्पनेतले असे; नदी, अरण्य व नगर ही सारी रंगांनीच उभी केलेली असत.

फाळके यांचे शिक्षण व व्यवसाय

फाळके यांचा जन्म नाशिकजवळील त्र्यंबकेश्वर येथे झाला. १८८५ मध्ये त्यांनी मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत प्रवेश घेतला. १८९० च्या सुमारास बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम व छायाचित्रण यांचा अभ्यास केला. कलाभवनाचे प्रमुख प्रा. त्रि. क. गज्जर यांच्या प्रोत्साहनाने त्यांना ठसे तयार करण्याच्या व छायाचित्रावरून छपाई करण्याच्या नव्या पद्धती शिकता आल्या. पुढे त्यांनी गोध्रा येथे छायाचित्रकाराचा व्यवसाय केला, नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवले आणि एका जर्मन जादूगाराकडून जादूचे प्रयोग शिकून घेतले.

१९०३ मध्ये ते पुरातत्त्व खात्यात आरेखक व छायाचित्रकार म्हणून रुजू झाले. ही नोकरी सोडल्यानंतर त्यांनी लोणावळा येथे छपाई व ठसेकामाचा व्यवसाय सुरू केला. रवि वर्मा छापखान्यासाठी छायाशिळामुद्रणाचे काम हा या व्यवसायाचा महत्त्वाचा भाग होता. नंतर हा व्यवसाय दादरला हलवण्यात आला आणि 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' या नावाने ओळखला जाऊ लागला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रसामग्री आणण्यासाठी फाळके जर्मनीला गेले होते.

चित्रपटाकडे वळण्यापूर्वी, अशा रीतीने, त्यांनी देवप्रतिमा रंगवण्याचे, टिपण्याचे आणि छापण्याचे तंत्र हाताळलेले होते.

कल्पनेचा उगम

१९११ मध्ये मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरील एक मूकपट पाहताना आपल्या डोळ्यांसमोर कृष्ण, रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या यांची चित्रे तरळू लागली, असे फाळके यांनी पुढे 'नवयुग' मासिकातील आपल्या लेखमालेत (१९१७–१८) नमूद केले. या आठवणीत देवतांसोबत गोकुळ व अयोध्या या स्थळांचाही उल्लेख येतो, ही बाब लक्षणीय आहे. परदेशी चित्रपटात ख्रिस्तकथा ज्याप्रमाणे एका विशिष्ट भूमीत घडताना दिसते, त्याप्रमाणे भारतीय कथा भारतीय भूमीत, भारतीय नटांकडून व भारतीय भांडवलावर घडवावी, असा त्यांचा संकल्प होता. स्वदेशी चळवळीच्या काळातील उद्योगविषयक विचारांशी तो सुसंगत होता.

१९१२ च्या आरंभी फाळके लंडनला गेले. तेथे त्यांनी निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओतील काम पाहिले आणि विल्यमसन कॅमेरा, छिद्रण यंत्र व कच्ची फिल्म खरेदी केली. परतल्यावर कुंडीत लावलेल्या वाटाण्याच्या दाण्याचे रोप कसे वाढते, हे त्यांनी अनेक दिवस ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून दाखवले. या प्रयोगामुळे त्यांना भांडवल उभारता आले. प्रत्यक्षात डोळ्यांना न दिसणारी हालचाल कॅमेरा दाखवू शकतो, हेही त्यातून सिद्ध झाले. पुढील चमत्कारदृश्यांचे तत्त्व हेच होते.

तंत्र

रंगवलेले पडदे व नेपथ्य

राजवाडे, दरबार आणि ऋषींचे आश्रम यांसाठी रंगवलेले पडदे व लाकडी सांगाड्यावरील कापडी भिंती वापरल्या जात. मराठी संगीत रंगभूमीवर महाल, रस्ता व जंगल यांचे ठरावीक पडदे रूढ होते. फाळके यांचे नेपथ्य त्याच परंपरेतून आले. मात्र नाटकाचा पडदा दिव्याच्या उजेडात व दुरून पाहिला जातो, तर चित्रपटाचा पडदा सूर्यप्रकाशात टिपला जाई. त्या काळच्या फिल्मवर निळा रंग फिकट, जवळजवळ पांढरा उमटे आणि लाल रंग काळसर दिसे. त्यामुळे डोळ्यांना सुंदर दिसणारी रंगसंगती पडद्यावर सपाट वाटण्याची शक्यता असे. काळ्या-पांढऱ्या छपाईत कोणता रंग कसा उतरतो याचा मुद्रकाला असलेला अंदाज अशा ठिकाणी उपयोगी पडणारा होता.

उघड्यावरील चित्रण

अरण्य, नदीकाठ व गावे यांची दृश्ये प्रत्यक्ष स्थळी टिपली जात. राजा हरिश्चंद्र चित्रपटातील बाह्यदृश्यांसाठी पथक कर्जतजवळील वांगणी येथे गेले होते. ढाल-तलवारी घेतलेल्या नटांना गावकऱ्यांनी दरोडेखोर समजल्याची व पुढे प्रत्यक्ष चित्रण दाखवून गैरसमज दूर करावा लागल्याची हकिकत फाळके यांच्या चरित्रांत सांगितली जाते.

१९१३ मध्ये फाळके यांनी आपला कारभार मुंबईहून नाशिकला हलवला. गोदावरीचा काठ, घाट, देवळे आणि सह्याद्रीचे डोंगर तेथे जवळच उपलब्ध होते. पंचवटीमुळे हा परिसर रामकथेशी पूर्वीपासून जोडलेला आहे. परिणामी पुराणातील प्रसंग ज्या भूमीत घडला अशी श्रद्धा होती, त्याच भूमीच्या आसमंतात रामकथेवरील चित्रपट तयार होऊ लागले.

थांबवून केलेले चित्रण

कॅमेरा एका जागी स्थिर ठेवून चित्रण मध्येच थांबवले जाई. तेवढ्यात एखादी व्यक्ती चौकटीत येई किंवा चौकटीबाहेर जाई आणि इतर नट जागचे न हलता चित्रण पुन्हा सुरू होई. पडद्यावर ती व्यक्ती अचानक प्रकटल्याचा अथवा अंतर्धान पावल्याचा भास होतो. फ्रान्समधील जॉर्ज मेलिएस यांनी ही युक्ती लोकप्रिय केली होती. मेलिएस आणि फाळके या दोघांनाही जादूच्या प्रयोगांची पार्श्वभूमी होती. मेलिएस यांनी मुख्यतः स्टुडिओतील रंगवलेल्या जगात काम केले. फाळके यांनी मात्र स्टुडिओच्या जोडीला मोकळ्या निसर्गाचाही वापर केला.

दुहेरी छाप

एकदा चित्रित झालेली फिल्म कॅमेऱ्यात मागे गुंडाळून तिच्यावर दुसरे दृश्य टिपले की दोन्ही दृश्ये एकत्र उमटतात. दुसरे दृश्य काळ्या पार्श्वभूमीवर घेतल्यास केवळ आकृतीच उमटते व ती आधीच्या दृश्यात तरंगताना दिसते. लेन्ससमोर चौकटीचा काही भाग झाकून दोन वेगवेगळी दृश्ये शेजारी-शेजारी जोडण्याची पद्धतही यातलीच होय. हे काम कॅमेऱ्यातच होत असल्याने एक चूक झाली तरी संपूर्ण तुकडा वाया जाई. म्हणून चौकटी मोजणे, नटांच्या जागा आखून ठेवणे आणि कॅमेरा किंचितही न हलवणे आवश्यक असे.

चौकटीगणिक चित्रण

फाळके यांनी आगकाड्यांची मौज आणि लक्ष्मीचा गालिचा हे लघुपट एकेक चौकट टिपण्याच्या पद्धतीने तयार केले. आगकाड्या आणि नाणी हाताने किंचित सरकवून प्रत्येक वेळी एक चौकट घेतली जाई. पडद्यावर त्या वस्तू आपोआप हलून आकृत्या बनवताना दिसत. मूकपटाच्या एका फुटात १६ चौकटी असतात. सेकंदाला १६ चौकटी या गतीने पाहता एका मिनिटाच्या दृश्यासाठी अशा ९६० चौकटी घ्याव्या लागत.

प्रयोगशाळेतील काम

फिल्मला छिद्रे पाडणे, ती धुणे आणि तिचे प्रिंट काढणे ही कामे घरातच होत. या कामांत फाळके यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांचा मोठा वाटा होता. पथकातील सर्वांच्या जेवणाची व्यवस्था पाहून त्या फिल्मला छिद्रे पाडण्याचे व ती धुण्याचे कामही करीत. उन्हातील चित्रणाच्या वेळी प्रकाश परावर्तित करण्यासाठी त्या पांढरी चादर धरून उभ्या राहत.

प्रमुख चित्रपट

राजा हरिश्चंद्र (१९१३). मुंबईतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झालेला हा चित्रपट सुमारे ३,७०० फूट लांबीचा होता. सेकंदाला १६ चौकटी या गतीने त्याचा कालावधी सुमारे ६२ मिनिटे होतो, तर २४ चौकटींच्या गतीने सुमारे ४१ मिनिटे. वेगवेगळ्या ग्रंथांत आढळणाऱ्या कालावधीतील फरकाचे हे एक कारण मानता येते. अग्नीच्या ज्वाळांतील स्त्रीरूपी शक्ती आणि अखेरीस होणारे देवदर्शन ही यातील चमत्कारदृश्ये होत.

मोहिनी भस्मासुर (१९१३). दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई यांनी या चित्रपटात काम केले. त्यापूर्वी स्त्रीभूमिका पुरुष नटच करीत.

लंकादहन (१९१७). या चित्रपटात अण्णा साळुंके यांनी राम व सीता या दोन्ही भूमिका केल्या. हनुमानाचे उड्डाण व लंकेला लागलेली आग ही दृश्ये विशेष गाजली.

श्रीकृष्णजन्म (१९१८). उपलब्ध तुकड्यांत नदीतून नागासह वर येणारा बालकृष्ण दिसतो. भयग्रस्त कंसाला स्वतःचे शिर धडावेगळे होऊन हवेत तरंगताना दिसते, हे दृश्य फाळके यांच्या ट्रिक छायाचित्रणाचे उत्तम उदाहरण मानले जाते.

कालियामर्दन (१९१९). फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने यात बालकृष्णाची भूमिका केली. आरंभी ती आपल्या मूळ रूपात विविध मुद्रा व भाव दाखवते आणि नंतर कृष्णाच्या रूपात प्रवेश करते. कृष्ण पाण्यात उडी घेतो तेव्हा काठावर व्याकूळ झालेला लोकसमुदाय आणि पाण्याखालील नागाशी चाललेले युद्ध यांची दृश्ये आलटून-पालटून येतात. काठावरील दृश्ये मोकळ्या निसर्गात टिपलेली आहेत, तर पाण्याखालील जग नेपथ्याने उभारलेले आहे. छायाचित्रित भूमी आणि कल्पित सृष्टी यांची सांधेजोड येथे सर्वाधिक स्पष्टपणे दिसते.

सेतुबंधन (१९३२) व गंगावतरण (१९३७). सेतुबंधन हा मूकपट म्हणून तयार झाला व नंतर त्याला ध्वनीची जोड देण्यात आली. कोल्हापूर येथे तयार झालेला गंगावतरण हा फाळके यांचा अखेरचा चित्रपट होय.

प्रेक्षकांचा प्रतिसाद

लंकादहन चित्रपटाला मुंबई व पुणे येथे मोठी गर्दी झाली. पडद्यावर राम प्रकट होताच प्रेक्षक पादत्राणे काढून हात जोडत, असे वर्णन अनेक आठवणींत आढळते. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने नेली जात, अशीही आख्यायिका आहे. छापील चित्रातील देवाला घरात पूजेचे स्थान मिळाले होते. चित्रपटातील देवाला तसेच स्थान चित्रपटगृहात मिळाले. मूकपटाला भाषेची अडचण नसल्याने व मधल्या मजकुराच्या पाट्या एकाहून अधिक भाषांत देता येत असल्याने हे चित्रपट मराठी मुलखाबाहेरही पाहिले गेले.

समीक्षा व अभ्यास

चित्रपट-अभ्यासक आशिष राजाध्यक्ष यांनी १९८७ मधील आपल्या निबंधात फाळके यांच्या काळाचा विचार पारंपरिक रूप आणि आधुनिक तंत्र यांच्यातील संघर्ष म्हणून केला आहे. फाळके यांच्या चित्रपटांतील देव अनेकदा प्रेक्षकांकडे तोंड करून उभा असतो. ही रचना मंदिरातील दर्शनाशी आणि छापील देवचित्रांशी जवळीक साधणारी आहे. तिच्याभोवतीचा निसर्ग मात्र खोली, ऊन-सावली व वारा यांसह कॅमेऱ्याने टिपलेला असतो. त्यामुळे एकाच चित्रपटात पाहण्याच्या दोन रीती एकत्र येतात.

या मिश्रणातून एक मूलभूत प्रश्नही उद्भवतो. रेखाटलेले चित्र हे चित्रकाराचे कथन असते, याची जाणीव पाहणाऱ्याला असते. छायाचित्र मात्र घडलेल्या गोष्टीचा पुरावा म्हणून पाहिले जाते. खऱ्या नदीकाठी टिपलेला चमत्कार त्यामुळे कथा न राहता इतिहासाचा दाखला वाटू शकतो. दुसऱ्या बाजूने पाहता, खऱ्या भूमीमुळे कथेतील दुःख व भय जवळचे वाटते. कालियामर्दन चित्रपटातील काठावरचा आक्रोश परिणामकारक ठरतो, याचे श्रेय तेथील खऱ्या पाण्याला व मोकळ्या आकाशालाही आहे. फाळके यांनी स्वतः ही करामत गुप्त ठेवली नाही. चित्रपट कसे तयार करतात हे दाखवणारा एक लघुपटही त्यांनी काढला व त्यात ते स्वतः काम करताना दिसतात.

उपलब्धता व जतन

फाळके यांनी सुमारे ९५ चित्रपट आणि २६ लघुपट तयार केल्याचे सांगितले जाते. त्यांपैकी फारच थोडा भाग आज पाहता येतो. त्या काळची नायट्रेट फिल्म अत्यंत ज्वालाग्राही असे व उष्ण, दमट हवेत तिचे विघटन होई. जुन्या फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठीही अनेक मूकपटांची रिळे नष्ट झाली.

पुणे येथील राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची स्थापना १९६४ मध्ये झाली. संग्रहालयाच्या उभारणीत अग्रणी असलेले पी. के. नायर यांनी फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळवण्यासाठी विशेष प्रयत्न केले. आज पुढील सामग्री उपलब्ध आहे :

• राजा हरिश्चंद्र – पहिले व अखेरचे रीळ. हा भाग १९१३ च्या मूळ चित्रपटाचा नसून फाळके यांनीच १९१७ मध्ये केलेल्या पुनर्निर्मितीचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे.
• लंकादहन – काही भाग.
• श्रीकृष्णजन्म – काही भाग.
• कालियामर्दन – बराचसा भाग.
• चित्रपटनिर्मितीची प्रक्रिया दाखवणाऱ्या लघुपटाचा तुकडा.

मूळ निगेटिव्ह नष्ट झाल्यामुळे अनेक युक्त्या नेमक्या कशा साधल्या, हे केवळ उरलेल्या प्रिंटवरून व लिखित आठवणींवरून ताडावे लागते. ज्या चित्रपटांचा एकही तुकडा उरलेला नाही, त्यांतील दृश्यरचनेचा अभ्यास करणे शक्य राहिलेले नाही.

प्रभाव

कोल्हापूरचे बाबूराव पेंटर हेही मूळचे चित्रकार व नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत होते. त्यांनी स्वतः कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीतर्फे सैरंध्री (१९२०) हा पौराणिक चित्रपट काढला. सपाट रंगवलेल्या पडद्यांऐवजी घडीव, त्रिमितीय नेपथ्य वापरण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. त्यांच्याकडे तयार झालेल्या कलावंतांनी १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. प्रभातच्या अयोध्येचा राजा (१९३२) या बोलपटात हरिश्चंद्राचीच कथा आहे, तर संत तुकाराम (१९३६) चित्रपटातील वैकुंठगमनाच्या प्रसंगात मोकळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीवर गरुडविमान दिसते.

फाळके यांच्या पहिल्या चित्रपटाच्या निर्मितीवर आधारित हरिश्चंद्राची फॅक्टरी (२००९, दिग्दर्शक परेश मोकाशी) या मराठी चित्रपटामुळे या कार्यपद्धतीचा परिचय नव्या पिढीला झाला.

अन्य संस्कृतींतील समांतर उदाहरणे

मिथक रेखाटायचे आणि त्याची भूमी छायाचित्राने दाखवायची, ही रीत अन्य संस्कृतींतील कथांच्या चित्रणातही आढळते. आर्क्टिक प्रदेशातील इनुइट लोकांची सेडना या समुद्रदेवतेची कथा हे त्याचे बोलके उदाहरण होय. या कथेच्या अनेक आवृत्त्यांपैकी एका प्रचलित आवृत्तीत मानवरूप धारण केलेल्या पक्ष्याशी विवाह झालेल्या मुलीला तिचा पिता होडीतून परत आणतो. वाटेत वादळ उठते व भयभीत पिता तिला पाण्यात ढकलतो. ती होडीची कड सोडत नाही, म्हणून तो तिची बोटे तोडतो. त्या बोटांपासून सील, वॉलरस व देवमासे निर्माण होतात आणि ती समुद्रतळाशी राहून जलचरांवर सत्ता गाजवते. ती रुष्ट झाली की शिकार मिळेनाशी होते. मग शामान तिच्यापर्यंत जाऊन तिचे गुंतलेले केस विंचरतो, अशी श्रद्धा आहे. फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने बॅफिन बेटावरील वास्तव्यात ही कथा नोंदवली व १८८८ मध्ये प्रसिद्ध केली.

या कथेत बर्फ, किनारा व समुद्र कॅमेऱ्याला दिसतात; सेडना मात्र दिसत नाही, ती रेखाटावीच लागते. म्हणून हिमभूमीच्या छायाचित्रावर तिची आकृती रेखाटण्याची पद्धत कथेच्या स्वरूपाला अनुरूप ठरते. इनुइट कलावंत असिन्नाजाक यांच्या थ्री थाउजंड (२०१७) या लघुपटाचा विषय सेडना नसला, तरी त्यात जुन्या चित्रफिती व अ‍ॅनिमेशन यांची अशीच सांगड घातलेली आहे.

कालियामर्दन आणि सेडना या दोन्ही कथांत पाण्याचा पृष्ठभाग ही दृश्य व अदृश्य जगांची सीमा आहे. पाण्यावरचे जग छायाचित्राने आणि पाण्याखालचे जग कलावंताच्या हाताने दाखवण्याची विभागणी दोन्हींच्या चित्रणात सारखीच आढळते.